नाव डॉक्टर देतील, तारखा तुम्ही लिहा

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी दोन-अडीच महिने तो खोलीबाहेर येत नव्हता, आंघोळ टाळायचा, सारखा पडून असायचा. डॉक्टरांनी डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या. काही आठवड्यांतच तो पार बदलला. रात्री तीन तास झोपून पहाटे टवटवीत उठायचा, अखंड बोलायचा, कर्ज काढून धंदा टाकायला निघाला, अडवलं की अंगावर यायचा. गोळ्या त्याने आपल्या मनाने बंद केल्या. आता पुन्हा दोन महिने अंथरुणात आहे. मी इंटरनेटवर वाचून यादी केली आहे : बायपोलर, एडीएचडी, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी, स्किझोफ्रेनिया. चारही त्याला लागू पडतात. बाबा म्हणतात नाटकं आहेत, आई म्हणते माझ्याच वळणात चूक झाली. तो म्हणतो, मला काही झालेलं नाही. हे नेमकं काय आहे आणि घरच्यांना कसं समजावू? आणि विचारायला लाज वाटते, पण उद्या हे मलाही होईल का?
– एक बहीण

प्रिय ताई,

तुमचे प्रश्न मी क्रमाने घेत नाही, कारण तुम्ही न विचारलेला एक प्रश्न आधी येतो. भाऊ दोन महिने अंथरुणात आहे. अशा काळात मरणाचे विचार मनात येणं अजिबात दुर्मीळ नाही. त्याच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, ‘तुला जगणं नकोसं वाटतं का? स्वतःला संपवावं असं मनात येतं का?’ विचारलं तर नसलेला विचार त्याच्या डोक्यात भरेल, ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. यावर बराच अभ्यास झाला आहे आणि विचारल्यामुळे धोका वाढतो असं आढळलेलं नाही. पुष्कळांना तर कुणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर रागावू नका, शपथा घालू नका. त्याला एकटं सोडू नका, घरातली सगळी औषधं आणि इजा करून घेता येईल अशा वस्तू त्याच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. कसं करायचं हेही त्याने ठरवलेलं असेल, तर भेटीची वेळ मिळण्याची वाट न बघता थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा.

दुसरं म्हणजे, गेल्या वर्षीच्या उरलेल्या गोळ्या ‘तेव्हा बरं वाटलं होतं’ म्हणून कुणी पुन्हा सुरू करून देऊ नका. याचं कारण पुढे येईलच.

आता तुमची यादी. चारही नावं लागू पडतात असं तुम्हाला वाटलं, यात तुमच्या वाचनाचा काही दोष नाही. ताप जसा कितीतरी आजारांत येतो, तशी मानसिक आजारांतली लक्षणंही सामाईक असतात. लक्ष न लागणं हे एडीएचडीत, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या त्रासात असतं, डिप्रेशनमध्ये असतं, चिंतेच्या आजारात असतं आणि चार रात्री नीट झोप न झालेल्या कुठल्याही माणसात असतं. चिडचिड जवळजवळ सगळीकडे असते. त्यामुळे लक्षणांची यादी हातात घेऊन माणसाकडे बघितलं की प्रत्येक यादीतलं काही ना काही सापडतंच. आजार वेगळे ओळखू येतात ते काळावरून : कधी सुरू झालं, किती टिकलं, मध्ये पूर्ण बरं होतं का, आणि कशामागून काय आलं.

मानसोपचारात ही दृष्टी रुजवण्याचं मोठं श्रेय एमिल क्रेपेलिन या जर्मन डॉक्टरांना जातं. एखाद्या दिवशी वॉर्डातले दोन रुग्ण अगदी सारखे दिसू शकतात, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून त्यांनी रुग्णांचा आजार वर्षानुवर्षं कसा पुढे सरकतो याच्या नोंदी ठेवल्या. त्या आधारावर १८९९ साली आपल्या पाठ्यपुस्तकात त्यांनी दोन मोठे गट वेगळे मांडले. एकात आजार झटक्यांनी येतो आणि मधल्या काळात माणूस बराचसा पूर्ववत होतो. दुसऱ्यात विचारशक्ती आणि वागणं हळूहळू ढासळत जातं. त्यांच्या मांडणीत पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. हे दोन गट त्यांना वाटले तितके वेगळे नाहीत, हेही कळलं. पण आजाराचा प्रवास बघायची त्यांची रीत आजही निदानाचा कणा आहे.

त्या रीतीने तुमच्या यादीकडे बघा. एडीएचडी लहानपणापासून असतो. वयाच्या बाराव्या वर्षाच्या आधी त्याच्या खुणा दिसायला हव्यात, आणि तो दोन महिने येऊन पुढचे दोन महिने गायब होत नाही. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटीत मनाचे चढउतार बहुधा तासांचे, फार तर दिवसा-दोन दिवसांचे असतात आणि बऱ्याचदा जवळच्या माणसाशी झालेल्या खटक्यातून, सोडून दिलं जाण्याच्या भीतीतून उसळतात. बायपोलरमध्ये हेच चढउतार, म्हणजे एकीकडे खोल उदासी आणि दुसरीकडे अति उत्साहाची ‘तेजी’, दिवस, आठवडे, महिने टिकतात आणि त्यांच्याबरोबर झोप, अंगातली ताकद, बोलण्याचा वेग असं सगळंच बदलतं. स्किझोफ्रेनियात भास आणि घट्ट बसलेले खोटे समज असतात, आणि मनःस्थिती ठीक असतानाही ते उरतात. मात्र बायपोलरच्या जोरदार तेजीत, किंवा खोल उदासीतही, भास होऊ शकतात. म्हणून ‘आवाज ऐकू येतात म्हणजे स्किझोफ्रेनियाच’ असा निष्कर्ष काढायची घाई करू नये.

डॉक्टरांच्या हाताशी यासाठी दोन मोठी वर्गीकरणं असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती, म्हणजे आयसीडी-११, २०२२ पासून लागू आहे. दुसरं वर्गीकरण डीएसएम, हे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचं आहे. त्यात डिप्रेशनसाठी नऊ लक्षणांपैकी निदान पाच, निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज असावी लागतात, आणि उदासी किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक असावंच लागतं. तेजीचं पूर्ण रूप, ज्याला मॅनिया म्हणतात, ते निदान आठवडाभर टिकलेलं असावं लागतं. रुग्णालयात ठेवण्याइतकं ते तीव्र असेल तर मुदतीची अट नाही. सौम्य तेजीसाठी चार दिवस. या मुदती थोड्या यांत्रिक वाटतात, पण त्यांच्यामागे शहाणपण आहे. वियोगाचं दुःख, परीक्षेची धास्ती, नव्या कामाचा उत्साह यांना आजार ठरवलं जाऊ नये म्हणून त्या आहेत. त्याच कारणासाठी डॉक्टर आणखी दोन गोष्टी बघतात. माणूस त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या स्वभावापेक्षा बदलला आहे का? मुळात बडबड्या असलेला मुलगा बडबड करतो, ही काही खूण नव्हे. आणि या बदलाने त्याचं शिक्षण, काम, नाती, शरीर यांचं नुकसान होतंय का?

रक्त तपासून किंवा मेंदूचा फोटो काढून यांतल्या कुठल्याही आजारावर शिक्कामोर्तब होत नाही. तरीही डॉक्टर तपासण्या सांगतील, त्या टाळू नका. थायरॉइड कमी काम करत असेल तर डिप्रेशनसारखं चित्र दिसतं, जास्त काम करत असेल तर अस्वस्थता आणि धडधड. बी-१२ ची कमतरता, स्टेरॉइडची औषधं, गांजा, उत्तेजक पदार्थ हे सगळे मानसिक आजाराचं सोंग घेऊ शकतात किंवा असलेला आजार चाळवू शकतात. भाऊ काही घेत असेल आणि तुम्हाला माहीत असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका.

तुमच्या पत्रातल्या दोन ओळींवर मी सर्वांत जास्त थांबले.

पहिली ओळ, तीन तास झोपून टवटवीत उठणं. झोप न येणं आणि झोपेची गरजच न उरणं यांत फार अंतर आहे. चिंतेने झोप उडालेला माणूस सकाळी गळून जातो. तेजीतला माणूस थकत नाही. कुणालाही डॉक्टरांपुढे एकच गोष्ट सांगायची मुभा असली, तर ही सांगावी.

दुसरी ओळ, डिप्रेशनच्या गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांत आलेला बदल. बायपोलरची शक्यता असलेल्या माणसाला मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाविना फक्त डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या, तर काही जणांमध्ये तेजी उसळू शकते. जुन्या गोळ्या पुन्हा देऊ नका असं मी म्हटलं ते यासाठी. आणि डॉक्टर नक्की विचारतील अशी एक गोष्ट आजच आठवून ठेवा : त्याने गोळ्या थांबवल्यावर ती तेजी लगेच ओसरली, की तशीच चालू राहिली? औषधाचा असर संपल्यावरही ती पूर्ण रूपात टिकली असेल, तर निदानाच्या दृष्टीने त्याला बरंच वजन आहे.

हे वाचून ‘म्हणजे बायपोलरच’ असं तुमच्या मनात आलं असेल. मी तसं म्हणत नाही. पत्रावरून निदान करणं चूक आहे आणि ते मी करणार नाही. शोधाची दिशा मात्र तीच असावी, असं मला वाटतं. गेल्या वर्षीच्या डॉक्टरांनी हे ओळखायला हवं होतं, असाही राग धरू नका. बहुतेक माणसं उदासीत असताना डॉक्टरांकडे जातात. तेजीचे दिवस त्यांना आयुष्यातले सर्वांत छान दिवस वाटतात, ते कुणी तक्रार म्हणून सांगत नाही. डिप्रेशनच्या प्रश्नावल्या, इंटरनेटवर भरून गुण मिळतात त्यासुद्धा, बहुधा फक्त गेल्या एक-दोन आठवड्यांबद्दल विचारतात. साधं डिप्रेशन असलेला आणि बायपोलरच्या उदासीत असलेला, दोघांचे गुण सारखेच येऊ शकतात. म्हणून कितीतरी लोकांना योग्य नाव मिळायला वर्षं जातात. डॉक्टरांना अर्धं चित्र दिसतं, उरलेलं अर्धं घरच्यांनी पाहिलेलं असतं.

ते अर्धं कागदावर उतरवा. त्यात आजारांची नावं एकही नकोत, विशेषणंही शक्यतो नकोत. ‘विचित्र वागत होता’, ‘फार हायपर झाला होता’ यातून काही कळत नाही. ‘मार्चचा दुसरा आठवडा, सलग आठ-नऊ रात्री दोन ते पाच एवढीच झोप, दिवसा पेंग नाही. एका दिवसात तीन ठिकाणी कर्जासाठी अर्ज. बोलताना विषय इतक्या वेगाने बदलायचा की धागा लागत नव्हता. जेवायला बसत नव्हता. हे साधारण मेच्या सुरुवातीपर्यंत’ असं लिहा. तारीख आठवत नसेल तर कुणाचा वाढदिवस, परीक्षा, प्रवास असा जवळचा प्रसंग धरा, जुने मेसेज चाळा, मेसेज कितीला पाठवलेत ते बघा. शाळकरी वयात तो कसा होता हे चार ओळींत लिहा. आई-बाबांच्या घराण्यांत कुणाला असे चढउतार, आत्महत्या, मोठं व्यसन होतं का, तेही लिहा. हा विषय घरात अवघड जाईल, पण आत्या-मावशीला विचारलं तर ज्या गोष्टी आपल्याला कुणी सांगितलेल्या नसतात त्या बाहेर येतात. कागद दोन पानांहून मोठा करू नका.

आणि भावाच्या पाठीमागे हे करू नका. ‘तुझ्या झोपेची आणि त्रासाची नोंद मी लिहिली आहे, तू वाच, चुकलं असेल तर खोड’ असं सांगा. तो खोडेल तेही उपयोगाचं असेल.

घरच्यांना समजावताना हाच कागद कामाला येईल. बाबांना आजाराचं नाव पटवायला जाऊ नका, त्या वादात तुम्ही हराल आणि भाऊही हरेल. ‘नाटकं’ या शब्दामागे बऱ्याचदा भीती असते. मुलगा नाटक करत असेल तर त्याला ओरडून ताळ्यावर आणता येईल, अशी एक वेडी आशा त्या शब्दात असते. बाबांना विचारा, ‘तो बावीस वर्षांचा होईपर्यंत असा होता का? तुम्ही त्याला चांगलं ओळखता. हे त्याच्या स्वभावातलं आहे का?’ त्यांच्याच ओळखीवर तुम्ही बोट ठेवताय, त्यामुळे बचावाची गरज त्यांना पडणार नाही. मग सांगा, ‘आजार आहे की नाही हे मला ठरवायचं नाही. दोन वेळा काहीतरी झालं, ते का झालं हे तज्ज्ञाला विचारू.’ एवढ्यावर थांबा. पहिल्या बैठकीत होकार मिळाला नाही तरी चालेल.

आईसाठी मी जास्त जागा घेते, कारण त्यांच्यावर लादलेला हा अपराध जुना आहे आणि तो लादण्यात आमच्या क्षेत्राचा हात होता. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मोठ्या मनोविश्लेषकांनी, आईच्या वागण्यातून मुलाला स्किझोफ्रेनिया होतो असं सुचवलं. ही कल्पना काही दशकं पसरली. मुलगा आजारी, आणि डॉक्टर आईकडे संशयाने बघतात, अशा हालातून असंख्य स्त्रिया गेल्या. पुराव्यावर ती टिकली नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसलं की बायपोलर आणि स्किझोफ्रेनिया या दोन्हींत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. तरी एकसारख्या जुळ्यांतल्या एकाला आजार झाला म्हणून दुसऱ्याला तो होतोच असं नाही, म्हणजे जनुकांपलीकडेही काही घडतं. १९७७ साली जॉर्ज एंगेल या डॉक्टरांनी आग्रहाने मांडलं की आजार समजून घेताना शरीर, मन आणि भोवतालचं जग तिन्ही एकत्र बघायला हवं. आज बहुतेक जण तसंच बघतात. लहानपणी छळ, मारहाण, अत्याचार वाट्याला आले तर पुढे अनेक मानसिक आजारांची शक्यता वाढते, हे खरं आहे आणि ते दडवू नये. पण शिस्त थोडी जास्त लावली, नोकरीमुळे वेळ कमी दिला, धाकट्याचे लाड केले, यातून हा आजार निर्माण होत नाही. आईला हे तुम्ही सांगा, आणि शक्य झालं तर डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकवा. काही आयांना ते डॉक्टरांनी सांगितल्यावरच मोकळं रडू येतं.

आणि ‘हा मेंदूचा आजार आहे’ एवढंच सांगून थांबू नका. लोकांना असं फक्त जैविक कारण सांगितलं की ते रुग्णाला दोष कमी देतात, हे अभ्यासांत दिसलं आहे. पण त्याच वेळी ‘मग हा काही बरा होत नाही’ असंही त्यांना जास्त वाटू लागतं. मेंदूचा वाटा आहे, ताणाचा आहे, झोपेचा आहे आणि उपचाराने फरक पडतो, हे सगळं एका दमात सांगा.

घरचे आजाराला कारण नसले तरी पुढे काय होतं यावर घराच्या वातावरणाचा परिणाम होतो. १९७६ साली क्रिस्टीन वॉन आणि ज्युलियन लेफ यांनी दाखवलं की रुग्णालयातून घरी परतलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये, ज्या घरांत सतत टीका, राग किंवा अतिकाळजी होती तिथे आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाण जास्त होतं. बायपोलरमध्येही पुढे असंच आढळलं. यातली अतिकाळजी नीट लक्षात घ्या, कारण टीका बाबा करत असतील तर हा भाग आईकडून आणि तुमच्याकडून होण्याची शक्यता आहे. दर तासाला ‘बरं वाटतंय ना?’ विचारणं, त्याचं प्रत्येक काम आपण करणं, त्याच्या हसण्यातही ‘तेजी आली की काय’ शोधणं. त्याला एखाद्या दिवशी नुसतं आनंदी असू द्या.

आता तो स्वतः. ‘मला काही झालेलं नाही’ हे तो हट्टाने म्हणतो असं धरून चालू नका. तेजीत आपलं काही बिघडलंय याची जाणीवच बऱ्याचदा नाहीशी होते, ती आजाराचाच भाग असते. उदासीत ती काही अंशी परत येते. म्हणजे आत्ताचा काळ त्रासाचा असला तरी त्याच्याशी बोलण्याचा आहे. ‘तू बायपोलर आहेस’ हे वाक्य तुमच्या तोंडून त्याने कधीही ऐकू नये. त्याला जे खुपतंय तिथून सुरुवात करा. झोप, थकवा, डोकं चालत नाही ही तक्रार, कर्जाच्या अर्जांनंतरची शरम. ‘या थकव्यावर काही करता येतं का विचारू, मी बरोबर येते, तुला नको असेल तेव्हा बाहेर बसेन.’ अशा चित्रात आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, कारण औषधाचा निर्णय त्यांना घ्यायचा आहे. मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशकाची मदत त्यानंतर, आणि ती खूप मोलाची असते. तो भेटायला तयार नसेल तर तुम्ही एकट्या कागद घेऊन जा. त्याच्याबद्दलची माहिती डॉक्टर त्याच्या संमतीशिवाय तुम्हाला कदाचित देणार नाहीत, पण तुमचं म्हणणं ऐकू शकतात.

निदान बायपोलरचं निघालं तर लिथियमचं नाव कानावर येईल. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी १९४९ साली मॅनियावर त्याचा उपयोग प्रसिद्ध केला आणि इतक्या वर्षांनंतरही ते या आजारातलं एक महत्त्वाचं औषध आहे. त्याचं प्रमाण रक्तात नेमकं राहावं लागतं म्हणून तपासण्या ठरल्या वेळी कराव्या लागतात, आणि ते अचानक बंद केलं तर आजार उसळून येण्याचा धोका असतो. इतरही औषधं आहेत, निवड डॉक्टर आणि भाऊ मिळून करतील.

आत्महत्येच्या विचारांखेरीज इतर काही वेळीही थांबायचं नसतं. सलग काही रात्री जवळजवळ झोपच नाही आणि वेग वाढतोय, कुणी आज्ञा देतंय असे आवाज ऐकू येतात, खाणंपिणं पूर्ण सुटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि काही तासांत-दिवसांत अचानक तो वेळ, जागा, माणसं ओळखेनासा झाला, विशेषतः बरोबर ताप असेल, तर ते मानसिक आजार समजून घरी ठेवू नका. संसर्ग, मेंदूची सूज, औषधाची विषबाधा अशी शारीरिक कारणं त्यामागे असू शकतात.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, भावंडांच्या मनात तो असतोच. त्याचं निदान बायपोलर ठरलं असं गृहीत धरलं, तर सख्ख्या भावंडांना आयुष्यात कधीतरी तो होण्याची शक्यता साधारण शंभरात पाच ते दहा मानली जाते. सर्वसाधारण लोकांत ती शंभरात एकाच्या आसपास आहे. म्हणजे तुमचा धोका जास्त आहे, आणि तरीही शंभरातल्या नव्वदांहून अधिक भावंडांना हा आजार होत नाही. डिप्रेशनची शक्यताही अशा कुटुंबांत थोडी जास्त असते. म्हणून कधी उपचारांसाठी गेलात, विशेषतः बाळंतपणाच्या आगेमागे, तर ‘माझ्या भावाला हा त्रास आहे’ हे तुमच्या डॉक्टरांना आपणहून सांगा. बाळंतपणानंतरचे आठवडे बायपोलरच्या दृष्टीने जोखमीचे असतात, आणि आधी माहीत असेल तर डॉक्टर लक्ष ठेवू शकतात. बाकी रोज स्वतःची लक्षणं तपासत बसू नका. भावाची काळजी घेताना तुमची झोप मोडत असेल, तर रात्रीची जबाबदारी आई-बाबांशी वाटून घ्या, आणि ते बोलणं या आठवड्यातच करा.